स्कॉटलंडचा हिवाळा आणि आमची मुले

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



हे भाषण आम्हां उभयतांनी एका टेबलाशी बसून लिहिले आहे. वाचून दाखविण्याचे काम एकाकडे आले असले तरी त्यातील प्रत्येक वाक्य दोघांच्या संमतीचे आहे. म्हणून यात सर्वत्र ‘आम्ही’ असेच म्हटले आहे. आम्ही कोणी विद्वान नाही, वा समाजकार्यकर्तेही नाही. तरीही कार्यकारी मंडळाचा आग्रह आम्हांला मोडवला नाही, याचे कारण ऋण हे होय. आमच्यापैकी एकाचे अभियांत्रिकी शिक्षण याच संस्थेच्या विद्यार्थी-निधीतून मिळालेल्या बिनव्याजी कर्जावर पुरे झाले. ते कर्ज आम्ही फेडले. ऋण फिटले असे मात्र म्हणवत नाही.

मागल्या खेपेस आम्ही संमेलनास आलो असता एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांला थांबवून विचारले, “तुमचं सगळं उत्तम चाललं आहे हो, पण मुलं आपली राहिली का?” आम्ही हसून “हो, राहिली” असे म्हटले आणि पंगतीला जाऊन बसलो. परंतु ते उत्तर घाईचे होते. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरत नाही, हे आम्हांला त्या रात्रीच जाणवले. आज ते उत्तर सविस्तर देण्याचे योजिले आहे. आणि ते देण्यासाठी आपणांस आमच्याबरोबर थोडा वेळ स्कॉटलंडच्या हिवाळ्यात यावे लागेल.

आम्ही २०१३ साली ॲबर्डीन या शहरी गेलो. उत्तर समुद्रातील खनिज तेलाच्या धंद्याचे हे मोठे केंद्र. त्या वेळी थोरली सात वर्षांची होती व धाकटा चार वर्षांचा. पुढे २०१४ च्या मध्यापासून तेलाचा भाव कोसळू लागला; पिंपास शंभर डॉलरांच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरांच्याही खाली गेला. ओळखीच्या अनेक घरांतील नोकऱ्या गेल्या. आमची राहिली, पण पगार कमी झाला, आणि आम्ही शहरातील घर सोडून पंधरा-सोळा मैलांवरील एका खेड्यात स्वस्त घर घेतले. पुढील सारी हकिगत त्या घरातील आहे.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, ॲबर्डीन ५७ अंशांवर. मॉस्को शहरदेखील ॲबर्डीनच्या दक्षिणेस पडते. तरी तेथील थंडी मॉस्कोसारखी हाडे गोठविणारी नसते, कारण अटलांटिक महासागराकडून येणारे उबदार पाणी व वारे त्या देशाला सांभाळून घेतात. खरा जाच आहे तो ओलीचा, वाऱ्याचा आणि सर्वांत अधिक अंधाराचा. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीन वाजण्यापूर्वीच मावळतो. पुरता सात तासांचाही दिवस नाही! जो सूर्य दिसतो तोही भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम नऊ-दहा अंश वर येतो. जणू उंबऱ्यावरून डोकावून परत जातो. ढगाळ, भिजक्या, उदास दिवसाला तेथे ‘ड्रीख’ असा एक शब्द आहे. तो शब्द आमच्या मुलांनी आल्या वर्षीच उचलला. आम्हांला त्याचा अर्थ कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

१९६८ ते १९७१ या काळात त्या देशाने हिवाळ्यातही घड्याळे एक तास पुढे ठेवून पाहिली होती. त्यामुळे उत्तरेकडे भर हिवाळ्यात सूर्योदय पावणेदहाच्या घरात गेला. आमच्या शेजारच्या वृद्ध बाई सांगतात, की त्या वेळी मुलांच्या दंडावर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधून त्यांना काळोखात शाळेला धाडावे लागे. पुढे तो प्रयोग सोडून देण्यात आला. परंतु आजही आमच्या खेड्यातील शाळेची बस आठ वाजून पाच मिनिटांनी येते, आणि डिसेंबरात त्या वेळी रस्त्यावर दिवे नसतील तर हाताला हात दिसत नाही.

अशा दिवसांतील आमचा नित्यक्रम ऐका. पहाटे साडेपाचला तापकाचे घड्याळ आपोआप चालू होऊन भिंतीवरील लोखंडी पट्टे तापू लागतात. खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी साचलेले असते. ते रोज पुसावे लागते, नाही तर भिंतीला बुरशी धरते. कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून छताला दोरीने ओढून वर नेण्याची लाकडी दांडी असते. तिच्यावर गणवेश, मोजे, टॉवेल टांगलेले, आणि त्यांच्याखाली आम्ही पोळ्या लाटतो. इडलीचे पीठ आंबत नाही, दही लागत नाही. पातेले शालीत गुंडाळून तापत्या पट्ट्याशेजारी ठेवावे, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी दह्याचे दर्शन.

यापुढे मुलांना उठविण्याचे कार्य. धाकटा उठे, पण कोट घालीत नसे. बाहेर तपमान शून्याखाली, रस्त्यावर न दिसणारे काळे बर्फ, नगरपालिकेच्या गाडीने टाकलेले खडेमीठ बुटाखाली करकरते आहे, आणि आमचे चिरंजीव नुसत्या सदऱ्यावर पातळ स्वेटर घालून निघालेले! कोट घेऊन आम्ही फाटकापर्यंत मागे धावावे, आणि तेथे पाहावे तो सगळ्या गावची मुले तशीच उभी. कोट घालणे हे त्या वयात तेथे बाळपणाचे लक्षण समजतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला थंडीपेक्षा हसू अधिक बोचते, हे शास्त्र आम्हांला त्या बसथांब्यावर कळले. आमच्या काळी पावसात छत्री नेणाऱ्या मुलाला आम्ही काय म्हणत होतो, हेही मग आठवले.

थोरलीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. लहानपणी बर्फ पडले की सर्वांआधी बाहेर पळणारी ती मुलगी चौदाव्या वर्षापासून दर ऑक्टोबरात मिटत जाई. घड्याळे मागे घेण्याचा ऑक्टोबरातील शेवटचा रविवार आला, की तिच्या खोलीचे दारही बंद होई. सकाळी उठवत नसे. जेवणावर वासना नसे. विचारले तर ‘काही नाही’. दिवाळीच्या दिवशी आम्ही खिडकीत आकाशकंदील लावला तर ती खाली आलीसुद्धा नाही. आजीचा दूरध्वनी आला की ती अभ्यासाचे निमित्त सांगून टाळी.

ज्ञातिबांधवहो, येथे आम्ही आपली चूक कबूल करावयास उभे आहोत. आम्ही तिला आळशी म्हटले, उद्धट म्हटले. तिकडील वारे लागले असे म्हटले. पंधराव्या वर्षी आम्ही किती कामे करीत होतो, याचा पाढा तिच्यापुढे वाचला. एके दिवशी तिच्या वडिलांनी तिचा फोन काढून घेऊन कपाटात ठेवला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “मला इथे यायचं आहे का, असं तुम्ही कधी विचारलं होतं?” हे वाक्य घरात तीन आठवडे तसेच पडून राहिले. त्याला उत्तर देण्याचे धैर्य आम्हां दोघांतही नव्हते.

त्यानंतर ते वादळ आले. २६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. हवामान खात्याने ईशान्य स्कॉटलंडच्या किनाऱ्याला सर्वांत वरच्या दर्जाचा, म्हणजे तांबडा इशारा दिला होता, आणि वादळाचे नाव ‘आर्वेन’ असे ठेवले होते. रात्रभर वाऱ्याचा आवाज असा, की छप्पर कोणी हातांनी उचकटतो आहे. पहाटे पाहतो तो रस्त्यावर झाडे आडवी, विजेच्या तारा जमिनीवर. त्या भागातील हजारो घरे अंधारात गेली. काहींकडे तर आठवड्याहून अधिक काळ वीज आली नाही. आमच्याकडे ती पाच दिवस नव्हती. वीज नाही म्हणजे तापक नाही, चूल नाही, दिवा नाही. आणि थोड्या वेळाने फोनही नाही, मग तो कपाटात असो की हातात.

शेजारच्या वृद्ध बाईंच्या घरी लाकडाची शेगडी होती. त्यांनी काठीने आमच्या दारावर टकटक केली आणि चौघांनाही बोलावून नेले. त्यांची बैठकीची खोली ती काय, दहा बाय बारा. तीत आम्ही पाचजण गाद्या टाकून निजलो. शेगडीवर त्यांनी बार्लीचे सूप केले, आम्ही खिचडी केली. धाकटा लाकडे आणी. त्याला बाई त्यांच्या बोलीत ‘लून’ म्हणत, म्हणजे मुलगा. थोरलीला ‘क्वाइन’, म्हणजे मुलगी. ‘कसं काय?’ याला त्या बोलीत ‘फिट लाइक?’ असे म्हणतात. सकाळी उठून त्या दोघांनाही तसे विचारीत, आणि थोरली, जी घरी आम्हांला दोन शब्द बोलत नव्हती, ती त्यांना त्याच बोलीत उत्तर देई. आम्ही ऐकतच राहिलो.

तिसऱ्या रात्री बाई व धाकटा झोपले होते. शेगडीतील निखारे तेवढे दिसत होते. अंधारात एकमेकांची तोंडे दिसत नसली म्हणजे माणसाला बोलणे सोपे जाते की काय, न कळे; पण त्या रात्री थोरली आपण होऊन बोलू लागली. ती म्हणाली, “मी अंधारात जाते आणि अंधारात येते. शनिवार-रविवार सोडला तर मला ऊन दिसतच नाही. उठायचं ठरवते, पण अंगात काही उरलेलंच नसतं. तुम्हांला वाटतं मी मुद्दाम करते.” थोडा वेळ गप्प राहून ती पुढे म्हणाली, “शाळेत माझं नाव कुणाला नीट म्हणता येत नाही, म्हणून मी ते तोडून सांगते. आजीशी फोनवर बोलले की मागे सगळे माझं मराठी ऐकून हसतात. आत्याची मुलं पुन्हापुन्हा म्हणायला लावतात. मग मी बोलायचं कुठे?”

आम्ही कधी तिची ही बाजू पाहिलीच नव्हती. मुले आपली राहतात की नाही याची चिंता आपण सारेच करतो. मुलांना आपण त्यांचे वाटतो की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते हसणे दुष्टपणाचे नव्हते, हे आम्ही जाणतो. लाडानेच हसत होते सारे. आम्हीसुद्धा हसलो होतो. पण कोट न घालणाऱ्या मुलाला जे हसू बोचते, तेच भाषेतून उघड्या पडलेल्या मुलीलाही बोचते, हे कळावयास आम्हांला तीन दिवसांचा अंधार लागला.

वीज आल्यावर आम्ही पहिली गोष्ट केली ती फोन परत देण्याची. दुसरी, गावच्या डॉक्टरांकडे जाण्याची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. हिवाळ्यातील अंधाराने मन व शरीर दोन्ही मंदावणे हा आळस नसून विकार आहे. वैद्यकशास्त्रात १९८४ साली त्याचे रीतसर वर्णन झाले आहे. शिवाय पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते; रात्री झोप उशिरा येते व सकाळी लवकर जाग येत नाही, हा स्वभावदोष नव्हे. त्यांनी सकाळी अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसावयास सांगितले आणि दुपारच्या सुट्टीत, ऊन असो वा नसो, बाहेर चालावयास सांगितले. ‘ड’ जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी तर हिवाळ्यात सर्वांनीच घ्यावी असा तेथील सरकारी सल्ला आहे. आम्ही काळ्या कातडीचे लोक इतकी वर्षे तो वाचून बाजूस ठेवीत आलो होतो! तेथील माध्यमिक शाळांत प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक शिक्षक असतो. त्यांच्याशीही आम्ही बोललो. जानेवारीत पूर्वपरीक्षा होत्या. ‘गुण कमी पडले तर पडोत’ असे आम्ही तिला सांगितले, आणि खरे सांगावयाचे तर ते म्हणताना आमचा घसा कोरडा पडला होता.

त्या एका हिवाळ्यात सारे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. फेब्रुवारीतही ती दोनदा शाळेला जाऊ शकली नाही. परंतु दार उघडे राहू लागले. दह्याचे आम्ही मघाशी सांगितले. विरजण लावलेले पातेले उबेत ठेवावे लागते हे जितके खरे, तितकेच ते सारखे ढवळून पाहू नये हेही खरे. आम्ही ऊब कमी दिली होती आणि ढवळले फार होते.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्रीला तेथे ‘हॉगमनी’ म्हणतात. नाताळापेक्षा त्या लोकांना तिचे महत्त्व फार. नाताळाची सार्वजनिक सुट्टीच मुळी स्कॉटलंडमध्ये १९५८ सालापासून सुरू झाली. मध्यरात्रीनंतर घराच्या उंबऱ्यातून जो पहिला पाहुणा आत येईल, तो काळ्या केसांचा पुरुष असावा आणि त्याने हाती कोळसा व काही खाऊ घेऊन यावे. म्हणजे वर्षभर घरात ऊब व अन्न कमी पडत नाही, अशी त्यांची श्रद्धा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी शेजारच्या बाईंनी निरोप पाठविला, की मुलाच्या वडिलांचे केस आता पांढरे झाले, तेव्हा लूनला पाठवा. तेरा वर्षांचा आमचा धाकटा एका हातात कोळशाचा खडा व दुसऱ्या हातात तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन मध्यरात्री त्यांच्या दारात उभा राहिला. आणि अंगात कोट होता! बाईंनी त्याचे दोन्ही हात धरून त्याला आत घेतले. त्या वेळी आमच्या मनात आले, की ‘आपला’ या शब्दाची व्याख्या आम्ही उगीचच आखूड करून ठेवली आहे.

दोन आठवड्यांनी संक्रांत आली. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. पण आपल्या प्रदेशात ते नुसते म्हणावयाचे. तेथे ते डोळ्यांनी दिसते. मावळतीचा प्रकाश बसथांब्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून ओट्यापर्यंत सरकत येतो. काळे वस्त्र ऊब धरते म्हणून संक्रांतीला नेसावे, हेही तेथे सांगावे लागत नाही. थोरलीने त्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर सूर्यास्ताची वेळ लिहिली. मग रोज लिहू लागली. मार्चपर्यंत तो तक्ता छतास भिडला.

भाषेविषयी दोन शब्द सांगून आटोपते घेतो. शेजारच्या बाईंना लहानपणी शाळेत त्यांची बोली बोलल्याबद्दल छडी मिळत असे. आज त्यांची नातवंडे ती बोलत नाहीत, याचे त्यांना दुःख आहे. २०११ च्या शिरगणतीत पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपणांस स्कॉट्स बोलता येते असे नोंदविले, आणि २०२५ साली स्कॉटिश संसदेने गेलिक व स्कॉट्स या भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला. छडीपासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास एका आयुष्याएवढा आहे. बर्न्स कवीच्या जन्मदिनी, २५ जानेवारीला, शाळेत म्हणावयाची कविता धाकट्याने बाईंकडूनच पाठ केली. त्याच्या उच्चारांना त्या एकदाही हसल्या नाहीत. पुन्हा म्हण, एवढेच म्हणत. आमची विनंती एवढीच आहे, की उन्हाळ्यात परगावची, परदेशची मुले आपल्या घरी येतील तेव्हा त्यांच्या मोडक्या मराठीला हसू नका. ‘पुन्हा म्हण’ असे म्हणा, आणि तेही चारचौघांत नको.

थोरली आता विद्यापीठात आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिल्या पदवीचे शिक्षणशुल्क सरकार भरते, त्यामुळे तिला कोणाचे कर्ज काढावे लागले नाही. ऑक्टोबर आला की ती आजही तो दिवा बाहेर काढते. हिवाळा तिचा शत्रूच आहे. पण ओळखीचा शत्रू आहे. आम्ही इकडे निघालो तेव्हा तिने विद्यार्थी-निधीसाठी एक पाकीट दिले, आणि सोबत स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी. संपादक महाशयांना आमची प्रार्थना आहे, की त्यांनी ती न सुधारता छापावी. ती अशी:

“सप्रेम नमस्कार. हे पैसे माझा आहे. मी कॉफीच्या दुकानात शनीवारी काम करून मिळवला. बाबांना तुम्ही शिकायला मदत केली म्हणून मी इथे आहे. कुणाला तरी द्या. जिला सकाळी उठायला जमत नाही अशी मुलगी असेल तर तिला आधी द्या.”

त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला आमच्याजवळ याहून दुसरे उत्तर नाही.